नकाशांची लपाछपी (अर्थात, कोणाला काय दाखवायचं?)

गेल्या महिन्यातली गोष्ट. शुक्रवारची रात्र. आठवडाभर डोक्यावर बसलेलं रिलीझ एकदाचं पार पडलं होतं, लॅपटॉप मिटला होता आणि पिठलं-भाताचं ताट घेऊन मी टीव्हीसमोर बसलो होतो. तेवढ्यात ताईचा फोन.

"तू सॉफ्टवेअरवाला ना रे? मग उद्या सकाळी ऑफिसला ये. येताना डोकं घेऊन ये."

ताई म्हणजे माझी चुलत बहीण. आर्किटेक्ट आहे. पुण्यात तिचं छोटंसं ऑफिस आहे, ती धरून चार माणसं. सॉफ्टवेअरवाला म्हणजे प्रिंटरपासून गीझरपर्यंत सगळं दुरुस्त करणारा, असा नातेवाईकांचा ठाम समज असतो. तुम्हीही आयटीत असाल तर वेगळं सांगायला नको :)

पण या वेळी प्रश्न खरंच सॉफ्टवेअरचा होता. म्हणजे निदान मला तसं वाटलं.

झालं होतं असं. एका जुन्या बंगल्याच्या मागच्या बाजूला वाढीव खोल्यांचं काम चालू होतं. ऑटोकॅडची फाइल एकच. तिच्यातून महापालिकेसाठी एक संच, आर.सी.सी. कन्सल्टंटसाठी एक, साइटसाठी एक, असे ड्रॉइंगचे संच निघत होते. कॉलमचं लेआउट साइटवर पाठवताना ऑफिसातल्या मुलाने ड्रेनेजचा लेयर फ्रीझ केला. शीटवर गर्दी नको, मुकादमाला कॉलमची मापं स्वच्छ दिसावीत, एवढाच हेतू. यात चूक काहीच नाही, सगळेच करतात. फक्त ड्रेनेजचं वेगळं शीट महापालिकेच्या संचात होतं आणि साइटच्या संचात नव्हतं. जेसीबीने फुटिंगचा खड्डा घ्यायला सुरुवात केली आणि पहिला घाव थेट जुन्या चेंबरवर! कोणाला लागलं नाही हे नशीब. पण दोन दिवस काम बंद, शेजाऱ्यांची बोलणी, आणि दुरुस्तीचा खर्च ताईच्या खिशातून.

"लाइन ड्रॉइंगमध्ये होती रे," ताई म्हणाली. "फक्त दिसत नव्हती."

हे वाक्य माझ्या डोक्यात अडकून बसलं. शनिवारी सकाळी आम्ही तिची फाइल नीट लावली (कशी, ते शेवटी सांगतो). पण त्यानंतरचे दोन-तीन वीकएंड मी "होती, पण दिसत नव्हती" या प्रकाराच्या मागे लागलो. हा प्रश्न कॉम्प्युटरने आणला की आधीपासूनच होता? शोधत गेलो तर थेट ब्ल्यूप्रिंटच्या जमान्यात पोचलो. आजचा लेख त्या भटकंतीबद्दल.

आधी मुळातला गुंता समजून घेऊ. इमारत एक असते, पण तिचे वाचक डझनभर. महापालिकेला प्लॉटची हद्द, मार्जिन, एफ.एस.आय.चा हिशेब, पार्किंग, ड्रेनेज हे सगळं हवं असतं. आर.सी.सी.वाल्याला कॉलम-बीम हवेत. मिस्त्रीला भिंतीची जाडी आणि खिडकीची उंची. इलेक्ट्रिशियनला पॉइंट कुठे ते. आणि घरमालकीणबाईंना सोफा कुठे मावतो ते! प्रत्येकासाठी बाकीच्यांची माहिती म्हणजे निव्वळ कचरा. इलेक्ट्रिशियनच्या शीटवर जर सळयांचे आकडे छापले तर तो बिचारा वायर सोडून डोकं धरून बसेल. म्हणजे चांगलं ड्रॉइंग करणं हे जितकं काय दाखवायचं याचं काम आहे, तितकंच काय दाखवायचं नाही याचंही आहे.

हा "दाखवायचं नाही"चा निर्णय कुठे साठवला जातो, हा माझ्या मते या सगळ्या इतिहासाचा गाभा आहे.

सुरुवात रसायनशास्त्रापासून होते. १८४२ साली सर जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने सायनोटाइप नावाची पद्धत शोधली. लोहाच्या विशिष्ट क्षारांचं मिश्रण कागदाला फासायचं, वर चित्र ठेवायचं, उन्हात धरायचं आणि मग पाण्यात धुवायचं. जिथे ऊन लागलं तिथे कागद गर्द निळा होतो, जिथे रेघेची सावली पडली तिथे पांढरा राहतो. पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स या बाईंनी ही पद्धत वापरून समुद्री शेवाळांच्या चित्रांचं पुस्तक काढायला सुरुवात केली. बांधकामाच्या आणि यंत्रांच्या ऑफिसांत ती मात्र १८७०च्या दशकापासून रुळली. तोपर्यंत नक्कल हवी तर माणूस बसवून अख्खं ड्रॉइंग हाताने गिरवून घ्यावं लागे. आता एका ट्रेसिंगवरून हव्या तितक्या प्रती निघू लागल्या. एखाद्या योजनेची "ब्ल्यूप्रिंट तयार" असं आपण आजही म्हणतो. तो निळा कागद ऑफिसांतून केव्हाच गेला, शब्द तेवढा उरला.

पण ब्ल्यूप्रिंटला एकच विद्या अवगत होती: नक्कल. निवड तिला येत नव्हती. ट्रेसिंगवर जे आहे ते सगळं उतरणार. त्यामुळे आर.सी.सी.साठी वेगळं शीट हवं असेल तर तोच प्लॅन दुसऱ्या ट्रेसिंगवर पुन्हा काढा. प्लंबिंगसाठी तिसऱ्यांदा. इलेक्ट्रिकसाठी चौथ्यांदा. आणि मग मालक म्हणाले की स्वयंपाकघराची भिंत फूटभर सरकवा, की चारही ट्रेसिंगवर ती भिंत ब्लेडने खरवडा आणि पुन्हा काढा. एखाद्या ट्रेसिंगवर राहिली की झालं.

हे पुस्तकात वाचायची मला गरज नव्हती. ताईचे वडील, म्हणजे आमचे काका, आयुष्यभर ड्राफ्ट्समन होते. ताईच्या ऑफिसात अजूनही त्यांचा ड्रॉइंग बोर्ड भिंतीला टेकवून ठेवलेला आहे. त्यांना विचारलं, "काका, तुमच्या वेळी संच कसे सांभाळायचात?"

"सांभाळायचं काय त्यात? जे काढलं ते दिसायचं. जे काढलं नाही ते नव्हतं."

मग ते अमोनिया प्रिंटबद्दल बोलायला लागले. ब्ल्यूप्रिंटनंतर आली ती ही डायझो पद्धत. पांढऱ्या कागदावर निळसर-जांभळ्या रेघा, आणि धुण्याऐवजी अमोनियाच्या वाफेवर कागद धरायचा. "प्रिंटवाल्याच्या दुकानात शिरलं की डोळ्यांतून पाणी यायचं. घरी गेलो की तुझी काकू लांबूनच ओळखायची आज काय काम होतं ते."

आपल्याकडच्या नियमांतही हा जमाना गोठून बसलेला आहे. राष्ट्रीय इमारत संहिता, म्हणजे नॅशनल बिल्डिंग कोड, भारतात पहिल्यांदा आली १९७० साली. तिच्या २००५च्या आवृत्तीत मंजुरीच्या नकाशांना रंग कसे द्यायचे याचा एक तक्ता आहे, आणि त्यात साधा प्लॅन, ब्ल्यू प्रिंट आणि अमोनिया प्रिंट यांचे चक्क वेगवेगळे रकाने आहेत! पाडायचं बांधकाम पिवळ्या रेघांनी, नवं बांधकाम लाल, ड्रेनेज लाल तुटक रेघेने. मला हा तक्ता फार आवडला. कारण लपवण्याला पर्याय म्हणून माणसाने काय काय शोधलं याचा तो पुरावा आहे. जुनं, पाडायचं आणि नवं, तिन्ही एकाच कागदावर दाखवायचं, पण वाचणाऱ्याला रंगाने वाट दाखवायची. काहीही न लपवता गर्दी आवरायची.

पण रंग भरायचे ते प्रत्येक प्रतीवर. आणि मोठ्या इमारतीत वीस प्रकारची माहिती असेल तर रंग तरी किती पुरणार?

यावर एक झकास उत्तर निघालं, विशेषतः अमेरिकेतल्या मोठ्या ऑफिसांमध्ये, १९७०च्या दशकात. पिन-बार ड्राफ्टिंग. पॉलिस्टर फिल्म (मायलर) ही कागदासारखी दमट हवेत फुगत नाही की आकसत नाही. त्या फिल्मच्या कडेला ठरावीक अंतरावर भोकं पाडायची. टेबलावर पिना असलेली एक पट्टी बसवायची. आता पहिल्या फिल्मवर फक्त मूळ प्लॅन काढा: भिंती, दारं, कॉलम. दुसऱ्या फिल्मवर फक्त प्लंबिंग, तिसरीवर फक्त इलेक्ट्रिक. सगळ्या फिल्म त्याच पिनांत अडकवल्या की रेघेवर रेघ तंतोतंत बसते. प्लंबिंगचं शीट हवं? मूळ फिल्म अधिक प्लंबिंगची फिल्म, दोन्ही एकत्र छापा. मूळ प्लॅन फिकट छापायची सोयही होती, म्हणजे नळ उठून दिसणार आणि भिंती मागे राहणार. भिंत सरकली तर ती एकाच फिल्मवर बदलायची, सगळी शीटं आपोआप सुधारली!

आपल्या भाषेत सांगायचं तर, कॉपी-पेस्ट केलेल्या कोडचं कोणीतरी पहिल्यांदा फंक्शन केलं.

आणि कोणत्या शीटला कोणकोणत्या फिल्म लागतात याची एक यादी ऑफिसात ठेवावी लागे. लपवण्याचा निर्णय ड्राफ्ट्समनच्या हातातून निघून पहिल्यांदा एका तक्त्यात आला.

पुढचं पाऊल तुम्हाला दिसलंच असेल. १९८२ साली कॅलिफोर्नियात जॉन वॉकर आणि मंडळींनी ऑटोडेस्क कंपनी काढली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लास वेगासच्या कॉमडेक्स प्रदर्शनात ऑटोकॅड दाखवलं. त्यातले लेयर म्हणजे या फिल्मच होत्या, फक्त वजन नसलेल्या. हवा तो लेयर चालू करा, नको तो बंद करा. पिना नकोत, भोकं नकोत.

इथे ऑटोकॅड न वापरणाऱ्यांसाठी एक गंमत सांगतो. लेयर नाहीसा करायचे तिथे दोन मार्ग आहेत, "ऑफ" आणि "फ्रीझ". पडद्यावर आणि कागदावर दोन्हींचा परिणाम एकच, लेयर दिसत नाही. पण ऑफ केलेला लेयर प्रोग्राम आतल्या आत मोजत राहतो. फ्रीझ केलेला तो हिशेबातच धरत नाही, त्यामुळे मोठी फाइल झरझर चालते. जुन्या मशीनवर ही चैन नव्हे, गरज होती. पण यातून एक खतरनाक गोष्ट निघते. "सगळं सिलेक्ट करा आणि पुसा" अशी कमांड दिली की ऑफ असलेल्या लेयरवरच्या रेघाही पुसल्या जातात, न दिसता! फ्रीझ केलेल्या मात्र वाचतात. म्हणजे "न दिसणं" हीसुद्धा एकच गोष्ट नाही. दिसत नाही पण आहे, आणि दिसत नाही कारण आत्ता हिशेबात धरलेलीच नाही, असे दोन प्रकार. तत्त्वज्ञानाच्या तासाला बसल्यासारखं वाटतं ना? :)

याहून मोठी भानगड वेगळी होती. सुरुवातीच्या काळात लेयर चालू की बंद हे अख्ख्या फाइलला मिळून एकच असे. प्रोग्रामरांनो, हे म्हणजे शुद्ध ग्लोबल व्हेरिएबल! संध्याकाळी कोणीतरी प्लंबिंग बंद करून फाइल सेव्ह केली, सकाळी दुसऱ्याने उघडून प्रिंट काढली, की प्लंबिंग गायब. पिन-बारच्या वेळी निदान यादी तरी होती. इथे शेवटी सेव्ह करणाऱ्याची मर्जी हीच यादी.

यावरचं उत्तर आलं १९९० साली, ऑटोकॅडच्या ११व्या रिलीझमध्ये. दोन गोष्टी एकदम. एक म्हणजे एक्सरेफ: मूळ प्लॅनची फाइल दुसऱ्या फाइलमध्ये नुसती जोडायची, नक्कल करायची नाही. आणि दुसरी, पेपर स्पेस: इमारत एकीकडे खऱ्या मापात काढायची आणि कागद दुसरीकडे मांडायचा. कागदावर खिडक्या ठेवायच्या, प्रत्येक खिडकीतून इमारत दिसणार, आणि कोणत्या खिडकीतून कोणता लेयर दिसायचा हे प्रत्येक खिडकीचं वेगळं. ग्लोबल व्हेरिएबल अखेर लोकल झालं!

त्याच वर्षी अमेरिकन आर्किटेक्टांच्या संस्थेने, म्हणजे ए.आय.ए.ने, लेयरना नावं कशी द्यायची याची मार्गदर्शक पुस्तिका काढली. आधी शाखेचं अक्षर आणि मग वस्तू: आर्किटेक्टच्या भिंतीला "ए-वॉल". दिसायला किरकोळ वाटतं, पण आपल्या लेयरला "नवीन१", "टेंप" आणि "बंड्या" अशी नावं देणाऱ्या ऑफिसात कोणता लेयर बंद करायचा हे फक्त बंड्यालाच माहीत असतं. पुढे २००४ साली बाजारात आलेल्या ऑटोकॅड २००५मध्ये शीट सेट मॅनेजर आला आणि "संच" ही गोष्ट सॉफ्टवेअरला पहिल्यांदा नावानिशी कळली: कोणती शीटं, कोणत्या क्रमाने, कोणत्या संचात.

इथपर्यंत वाचून वाटेल की प्रश्न सुटत सुटत आला. मलाही तसंच वाटलं. पण काकांचं ते वाक्य आठवलं, "जे काढलं ते दिसायचं," आणि लक्षात आलं की मधल्या मधे सगळं उलटं झालंय. काकांच्या काळी दाखवायला कष्ट पडत. शीटवरची प्रत्येक रेघ कोणीतरी या वाचकासाठी मुद्दाम काढलेली असे. लपवायला काहीच करावं लागत नसे. आता फाइलमध्ये सगळं आधीच असतं. दाखवायला कष्ट नाहीत, विचार करावा लागतो तो लपवताना. आणि एका क्लिकच्या कामाला विचार कोण करतं?

ही उलथापालथ पूर्ण केली ती मॉडेलवाल्या सॉफ्टवेअरने. १९७५ साली चार्ल्स ईस्टमन यांनी ए.आय.ए.च्या मासिकात एक लेख लिहिला. त्याचा मुद्दा असा की ड्रॉइंग काढणं सोडा, कॉम्प्युटरमध्ये इमारतीचंच वर्णन साठवा आणि प्लॅन, सेक्शन, याद्या त्यातून काढून घ्या. बदल एकदाच करा, तो सगळीकडे लागू होईल. १९८०च्या दशकात बुडापेस्टच्या ग्राफिसॉफ्टने आर्किकॅडमधून हे सामान्य मशीनवर आणलं. मग २००० साली आलं रेव्हिट, जे ऑटोडेस्कने २००२ साली १३.३ कोटी डॉलरला विकत घेतलं.

रेव्हिटमध्ये लेयर नाहीतच. भिंत ही भिंत असते आणि ती कोणत्या व्ह्यूमध्ये कशी दिसायची हे तो व्ह्यू ठरवतो. व्ह्यूचे नियम एका टेंप्लेटमध्ये साठवता येतात. "महापालिका" टेंप्लेट लावलं की फर्निचर गायब, "साइट" लावलं की मापं हजर. शिवाय प्रत्येक वस्तू कोणत्या टप्प्यात बांधली आणि कोणत्या टप्प्यात पाडली हे तिच्याच अंगावर लिहिलेलं असतं. त्यामुळे "पाडायचं" शीट आणि "नवं" शीट एकाच मॉडेलमधून निघतात. संहितेतले ते पिवळे-लाल रंग आठवले ना? तेच, फक्त आता रंग नियमाने भरले जातात.

आणि एक छोटंसं बटण आहे, त्यावर दिव्याचं चित्र. ते दाबलं की त्या व्ह्यूमध्ये लपवलेल्या सगळ्या गोष्टी रंगात उजळतात आणि बाकीचं फिकट होतं. काय काय लपवलंय ते दाखवणारा दिवा! अख्ख्या सॉफ्टवेअरमधलं हे माझं सगळ्यात लाडकं बटण. पण एक मेख आहे. तो दिवा फक्त स्क्रीनवर लागतो. साइटवर मुकादमाच्या हातात जो कागद असतो, त्यावर असं बटण नसतं.

आता जरा गंभीर. संचांच्या घोळात माणसं मरतात का? हो. आणि ती गोष्ट कॉम्प्युटरच्या आधीची आहे.

१७ जुलै १९८१. अमेरिकेतलं कॅन्सस सिटी शहर, हयात रीजन्सी हॉटेल. तळमजल्याच्या प्रशस्त दालनात नाचाचा कार्यक्रम रंगात आला होता. दालनावरून वेगवेगळ्या मजल्यांवर लोंबते पादचारी पूल जात होते. त्यातला चौथ्या मजल्याचा पूल दुसऱ्या मजल्याच्या पुलावर कोसळला आणि दोन्ही खालच्या गर्दीवर आले. ११४ माणसं गेली, दोनशेच्या वर जखमी झाली.

मूळ ड्रॉइंगमध्ये छतापासून निघालेल्या अखंड सळया दोन्ही पुलांना पेलत होत्या. इतक्या लांब सळयांवर आटे पाडणं कटकटीचं, म्हणून पोलादाचं काम करणाऱ्यांनी एका सळईच्या दोन केल्या: एक छतापासून वरच्या पुलापर्यंत, दुसरी वरच्या पुलापासून खालच्यापर्यंत. कागदावर बघाल तर किती क्षुल्लक फरक! पण एकाच दोराला दोघं जण धरून लटकलेत, आणि खालच्याने दोर सोडून वरच्याचे पाय धरलेत, यात जो फरक आहे तोच हा. वरच्या पुलाच्या जोडावरचा भार दुप्पट झाला. मुळातला जोडही स्थानिक नियमांना पुरेल इतका भक्कम नव्हताच.

मला हादरवून गेलं ते पुढचं. हा बदल लपवलेला नव्हता. कारखान्याच्या शॉप ड्रॉइंगमध्ये दोन सळया स्वच्छ दिसत होत्या आणि त्या ड्रॉइंगवर इंजिनीअरांचा शिक्काही होता. चौकशीत निघालं ते असं: इंजिनीअरांच्या लेखी त्यांचं रेखाटन प्राथमिक होतं, जोडाचा हिशेब पुढचा माणूस करणार होता. कारखान्याच्या लेखी तेच रेखाटन अंतिम होतं, हिशेब झालेला होता. तो जोड कोणीच मोजला नाही. जबाबदार इंजिनीअरांना पुढे मिझूरी राज्यातले परवाने गमवावे लागले.

म्हणजे रेघ दिसणं पुरेसं नाही. ही रेघ कोणत्या लायकीची आहे हेही दिसावं लागतं: चर्चेसाठी, मंजुरीसाठी की बांधण्यासाठी. आपल्याकडे वर्किंग ड्रॉइंगवर "बांधकामासाठी" असा जो शिक्का मारतात, तो नुसता सोपस्कार नव्हे. आज मोठ्या प्रकल्पांत याची जगभर मान्य पद्धत आहे. २०१८च्या आय.एस.ओ. १९६५० या मानकात माहितीच्या चार अवस्था ठरवल्यात: काम चालू, इतरांशी वाटलेली, अधिकृत प्रसिद्ध केलेली आणि दप्तरात ठेवलेली. आपण नाही का डेव्ह, स्टेजिंग आणि प्रॉडक्शन वेगळं ठेवत? डेव्हचा बिल्ड ग्राहकाला गेला तर फार तर शनिवार-रविवार वाया जातो. तिथे जेसीबी चालतो.

असो. तर ताईच्या ऑफिसात त्या शनिवारी काय केलं? तांत्रिक भाग तासाभरात उरकला. प्रत्येक संचासाठी वेगळे लेआउट, प्रत्येक खिडकीचे फ्रीझ वेगळे, लेयरची नावं सरळ केली ("टेंप२" ला निरोप दिला), शीट सेट लावला. मी खुशीत हात झटकले.

काका मागे खुर्चीत बसून बघत होते. ते उठले, कपाटातून एक जुनं ट्रेसिंग काढलं आणि टेबलावर पसरलं. त्यांच्याच हातचं, कुठल्याशा बंगल्याचं कॉलम लेआउट. फक्त कॉलम आणि मापं. पण मागच्या बाजूला, कॉलमच्या जवळून, एक अगदी बारीक तुटक रेघ जात होती आणि तिच्या शेजारी सुबक अक्षरात लिहिलं होतं: "जुनी ड्रेनेज लाइन. शीट ७ पहा. खोदण्यापूर्वी खात्री करा."

"काका, तुम्ही तर म्हणालात, काढलं नाही ते नव्हतं!"

"अरे, म्हणूनच तर काढली ना. सगळी लाइन काढायला वेळ कोणाला होता? पण खोदणाऱ्याला कळायला नको का, की इथे आणखी काहीतरी आहे?"

शिवाय त्यांचं एक रजिस्टर असायचं. कोणती प्रिंट, कितवा बदल, कोणाला, कोणत्या तारखेला, आणि घेणाऱ्याची सही. नवी प्रिंट दिली की जुनी परत घ्यायची आणि फाडायची. "त्याच्या समोर फाडायची," काकांनी बजावलं.

मी शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास चाळला, त्याचं सार त्या एका तुटक रेघेत होतं. निळ्या कागदापासून रेव्हिटपर्यंत प्रत्येक साधनाने लपवणं आधीपेक्षा सोपं केलं. लपवायलाच हवं, नाहीतर कोणाला काहीच वाचता येणार नाही. पण लपवलंय हे सांगायचं काम कुठल्याच साधनाने आपणहून केलेलं नाही. ते ज्याने लपवलं त्यालाच करावं लागतं, आणि ते त्याच कागदावर करावं लागतं जो वाचणाऱ्याच्या हातात असेल.

ताईने आता प्रत्येक शीटच्या टायटल ब्लॉकमध्ये एक नवा चौकोन केलाय: "या शीटवर न दाखवलेले". आणि खाली शीट क्रमांक. ऑफिसातला तो मुलगा पहिल्या दिवशी कुरकुरला, दुसऱ्या दिवशी त्याला भरताना स्वतःलाच एक राहिलेली पाण्याची लाइन सापडली, तेव्हापासून गप्प आहे. परवा साइटवर मुकादमाने म्हणे शीट हातात घेऊन आधी तो चौकोन वाचला आणि विचारलं, "सात नंबरचं शीट कुठंय?"

सोमवारी ऑफिसात मीही आमच्या मोड्यूलमधले बंद करून ठेवलेले फ्लॅग मोजले. एकतीस निघाले. त्यातले नऊ कोणी आणि का बंद केलेत, हे टीममध्ये कोणालाच सांगता येईना. या वीकएंडला तुटक रेघा काढायला बसणार आहे.

तुमच्याकडे किती आहेत, मोजून बघा. भेटू पुढच्या शनिवारी.